ऑफिसात आपलेच पेनड्राइव्ह चालावेत म्हणून

संगणकाला कोणता पेनड्राइव्ह लावू द्यायचा आणि कोणता नाही, याबद्दल नागपुरातून आणि आसपासच्या भागातून बरीच पत्रे आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत, सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. विंडोजमधल्या पर्यायांची नावे देवनागरीत दिली आहेत. पडद्यावर ती रोमन अक्षरांत दिसतील.

प्रश्न : रामदासपेठेत आमचे सीएचे ऑफिस आहे. नऊ संगणक, सगळ्यांवर विंडोज ११ प्रो, सर्व्हर-डोमेन काही नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) यूएसबीस्टोर या पेनड्राइव्ह चालवणाऱ्या ड्रायव्हरची किंमत ४ करून पेनड्राइव्ह बंद केले. पण बाहेर ऑडिटला जाताना ऑफिसचे चार पेनड्राइव्ह लागतातच, आणि क्लायंट टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवरच आणतात. फक्त आमचे चार चालतील असे करता येईल का? डिजिटल सहीचे टोकन मात्र बंद पडता कामा नये.

उत्तर : करता येते, आणि त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. यूएसबीस्टोरला ४ दिले की सगळेच पेनड्राइव्ह अडतात. आपला कोणता, परका कोणता हे त्याला कळत नाही. तुम्हाला परवानगीची यादी हवी आहे, आणि ती सोय विंडोज प्रोच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे संगणकाला नियम लावण्याच्या खिडकीत, आहे.

आधी विंडोज पेनड्राइव्ह ओळखते कसा, ते लक्षात घ्या. यूएसबीचे प्रत्येक उपकरण जोडल्याबरोबर आपला वर्ग सांगते. कीबोर्ड-माउस ०३, प्रिंटर ०७, साठवणुकीची उपकरणे ०८, स्मार्टकार्ड ०बी. त्याच्या जोडीला कंपनीचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक आणि बऱ्याच पेनड्राइव्हमध्ये त्या एका नगाचा अनुक्रमांक असतो. सॅनडिस्कचा कंपनी क्रमांक ०७८१ आहे, तिच्या क्रूझर ब्लेडचा मॉडेल क्रमांक ५५६७. तुम्ही नुसत्या मॉडेलला परवानगी दिलीत, तर आर्टिकलने (सीएकडे उमेदवारी करणाऱ्याने) सीताबर्डीवरून तसाच दुसरा पेनड्राइव्ह आणला की तोही बिनबोभाट चालेल. म्हणून परवानगी नगाच्या अनुक्रमांकावरच द्यायची.

तो असा काढा. पेनड्राइव्ह लावा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ या गटात ‘यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस’ दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स या पानावर ‘डिव्हाइस इन्स्टन्स पाथ’ निवडा. येणाऱ्या ओळीत व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक), पीआयडी (मॉडेलचा क्रमांक) आणि शेवटच्या तिरप्या रेघेनंतर अनुक्रमांक असतो. त्या ओळीवर राइट क्लिक करून ती कॉपी करा, हाताने टाइप करू नका. एक अक्षर चुकले तरी नियम लागू होत नाही आणि चूक कुठे आहे ते विंडोज सांगत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो: लोक ‘डिस्क ड्राइव्हज’ गटातली ओळ उचलतात. ती याच पेनड्राइव्हची, पण एक पायरी खालची ओळख आहे. आपण वरच्या पायरीवर अडवणार आहोत, तेव्हा परवानगीही वरच्याच पायरीवर हवी. काही वेगवान ड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्डडिस्क ‘स्टोरेज कंट्रोलर्स’ या गटात ‘यूएसबी अटॅच्ड स्कझी’ नावाने दिसतात. त्यांची ओळ तिथून घ्या.

अनुक्रमांकाचे दुसरे अक्षर ‘&’ हे चिन्ह असेल, तर त्या पेनड्राइव्हला स्वतःचा अनुक्रमांकच नाही; तो विंडोजने बनवून दिला आहे. असा पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावला की क्रमांक बदलतो आणि परवानगी हुकते. बिननावाच्या स्वस्त मालात हे फार आढळते, कधी तर अख्ख्या खोक्यावर एकच अनुक्रमांक असतो. चारपैकी एखादा असा निघाला तर तो बाजूला काढून चांगल्या कंपनीचा घ्या. त्यावर वेळ घालवू नका.

आता पॉलिसी. प्रथम एकाच संगणकावर करा. त्यावर यूएसबीस्टोरची किंमत आधी परत ३ करा, नाहीतर तुमचे चारही अडलेलेच राहतील. जीपीएडिट डॉट एमएससी उघडून कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, डिव्हाइस इन्स्टॉलेशन, डिव्हाइस इन्स्टॉलेशन रिस्ट्रिक्शन्स इथपर्यंत जा. तीन गोष्टी करायच्या आहेत. ‘अलाउ इन्स्टॉलेशन ऑफ डिव्हाइसेस दॅट मॅच एनी ऑफ दीज डिव्हाइस इन्स्टन्स आयडीज’ यात चारही पेनड्राइव्हच्या ओळी टाका. नंतर ‘अप्लाय लेयर्ड ऑर्डर ऑफ इव्हॅल्युएशन’ने सुरू होणारी पॉलिसी चालू करा. सगळ्यात शेवटी ‘प्रिव्हेंट इन्स्टॉलेशन ऑफ डिव्हाइसेस दॅट मॅच एनी ऑफ दीज डिव्हाइस आयडीज’ यात साठवणुकीच्या वर्गाची एकच ओळ द्या: ‘यूएसबी\क्लास_०८’. ही ओळ रोमन अक्षरांत त्याच डिटेल्स पानावर ‘कंपॅटिबल आयडीज’मध्ये मिळते, तिथे तीन-चार ओळी असतात, त्यातली सर्वांत आखूड घ्या. याच खिडकीत ‘आधीपासून बसलेल्या उपकरणांनाही लागू करा’ अशा अर्थाचा चौकोन आहे. त्यावर खूण केली नाही, तर या संगणकाला पूर्वी कधीतरी लावलेले सगळे जुने पेनड्राइव्ह पुढेही चालत राहतील.

लेयर्ड ऑर्डर का लागते? एरवी विंडोजमध्ये मनाईचा नियम परवानगीच्या नियमावर नेहमी मात करतो. ही पॉलिसी चालू केली की नेमका नियम ढोबळ नियमापेक्षा वरचढ ठरतो: आधी एका नगाची ओळख, मग उपकरणाची ओळख, मग वर्ग. त्यामुळे तुमचे चार पेनड्राइव्ह सुटतात, बाकीचे अडतात. ही सोय विंडोज ११मध्ये आहेच, विंडोज १०मध्ये २०२१च्या अपडेटपासून आली. तिच्याशिवाय वरची मनाई लावली तर तुमचे चारही बंद होतील. ‘नियम बरोबर लिहिला तरी आमचाच पेनड्राइव्ह अडतो’ अशा तक्रारीत आधी हीच पॉलिसी तपासावी.

इंटरनेटवर एक जुना सल्ला फिरतो की मनाई ‘डिस्क ड्राइव्ह’ या सेटअप क्लासवर लावा. तसे अजिबात करू नका. त्या क्लासमध्ये संगणकाची आतली डिस्कही येते. आधीच्या उपकरणांना लागू करण्याची खूण त्याबरोबर केली तर संगणक सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

पॉलिसी लावून झाली की कमांड प्रॉम्प्टवर ‘जीपीअपडेट /फोर्स’ द्या, संगणक रीस्टार्ट करा आणि चाचणी घ्या: चारही पेनड्राइव्ह, एक परका पेनड्राइव्ह, प्रिंटर, स्कॅनर, टोकन. डिजिटल सहीचे टोकन साठवणुकीच्या वर्गात नसते, त्यामुळे त्याची सही चालू राहते. पण काही टोकन आपल्याच पोटातल्या ड्रायव्हरची एक छोटी सीडी दाखवतात. ती सीडी ०८ वर्गातली, ती मात्र अडेल. म्हणून ड्रायव्हर आधी बसवून ठेवा. इंटरनेटच्या डोंगलचे आणि लॅपटॉपमधल्या काही कार्ड रीडरचेही असेच होते. बॅकअपची बाहेरची हार्डडिस्क यादीत घालायला विसरू नका. रात्रीचा बॅकअप गप्प बसला हे बऱ्याचदा महिन्याने कळते.

मोबाइल या नियमात येत नाही. केबलने जोडलेला फोन एमटीपी पद्धतीने फायली देतो, तो ०८ वर्ग नव्हे. त्यासाठी सिस्टम या गटातल्या ‘रिमूव्हेबल स्टोरेज अ‍ॅक्सेस’मध्ये जाऊन ‘डब्ल्यूपीडी डिव्हाइसेस’ची (म्हणजे फोनसारख्या उपकरणांची) वाचण्याची आणि लिहिण्याची अशा दोन्ही मनाया चालू करा. फोन चार्ज होत राहील, फायली जाणार नाहीत. पेनड्राइव्ह बंद केला आणि मोबाइल मोकळा सोडला, ही अर्धवट व्यवस्था आम्हाला पत्रांत वारंवार दिसते.

एका संगणकावर सगळे जमले की उरलेल्या आठांवर हाताने करत बसू नका. मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी कंप्लायन्स टूलकिटमध्ये एलजीपीओ नावाचे फुकट साधन आहे. ‘/बी’ दिले की ते पॉलिसीची प्रत काढते, ‘/जी’ दिले की दुसऱ्या संगणकावर बसवते.

यानंतर खरा प्रश्न उरतो खात्यांचा. आर्टिकल अ‍ॅडमिन खात्यात काम करत असतील तर हे सगळे फुकट आहे. त्यांना पॉलिसी काढायला दोन मिनिटे पुरतात. त्यांची खाती स्टँडर्ड करा. टॅलीला अ‍ॅडमिन लागतो अशी समजूत आहे, पण डेटाच्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगी दिली की रोजचे काम साध्या खात्यातून चालते. बायॉसला (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगला) पासवर्ड लावा, यूएसबीवरून बूट होणे बंद करा आणि आतल्या डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू करा. नाहीतर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून कोणीही तुमची विंडोज बाजूला ठेवेल. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून कपाटात ठेवा.

क्लायंटच्या बॅकअपसाठी रिसेप्शनला एक वेगळा संगणक द्या. त्यावर वरची मनाई नको. त्याऐवजी ‘रिमूव्हेबल डिस्क्स : डिनाय राइट अ‍ॅक्सेस’ आणि ‘डिनाय एक्झिक्यूट अ‍ॅक्सेस’ चालू करा. येणारा बॅकअप तिथे स्कॅन करून नेटवर्कवरच्या एका ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायचा. अशी एक वाट मुद्दाम उघडी ठेवली नाही, तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या धावपळीत कोणीतरी बंदी काढतो आणि ती परत लागत नाही.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचे मशिन शॉप आहे. सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशिनला प्रोग्राम पेनड्राइव्हनेच द्यावा लागतो. ड्रॉइंग बाहेर जाऊ नयेत, पण मशिनही थांबू नये. पेनड्राइव्ह बिटलॉकरने बंद केले तर?

उत्तर : बिटलॉकर इथे चालणार नाही. मशिनच्या कंट्रोलरला तो उघडता येत नाही. त्याला साधा, फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लागतो. जुने कंट्रोलर मोठ्या क्षमतेलाही अडतात. प्रोग्रामची फाइल बहुधा काही केबींची असते, तेव्हा ४ किंवा ८ जीबीचा भरपूर झाला.

संगणकांची दोन गटांत वाटणी करा. ड्रॉइंगच्या संगणकांवर ०८ वर्ग पूर्ण बंद, परवानगीची यादी रिकामी. प्रोग्राम बनवणाऱ्या कॅमच्या एकाच संगणकावर मशिनच्या पेनड्राइव्हची यादी. प्रत्येक मशिनला एक पेनड्राइव्ह, त्यावर मशिनचा क्रमांक कोरलेला, आणि तो शॉपफ्लोअरच्या बाहेर जायचा नाही. अनुक्रमांकाची नोंद एका वहीत ठेवा. पेनड्राइव्ह हरवला की त्याच दिवशी यादीतून काढता आला पाहिजे.

मशिनचा कंट्रोलर विंडोज एक्सपीवर चालत असेल तर त्यावर स्वतः काही बसवू नका, अँटिव्हायरससुद्धा नाही. तो मशिन बनवणाऱ्याचा प्रांत. व्हायरस मात्र अशाच मशिनमध्ये वर्षानुवर्षे दडून राहतो आणि पेनड्राइव्हवर बसून ऑफिसात येतो. म्हणून परत आलेला पेनड्राइव्ह आधी कॅमच्या संगणकावर स्कॅन करायचा. कंट्रोलरला नेटवर्कचे पोर्ट असेल तर प्रोग्राम केबलने पाठवण्याची सोय करून घ्या. पैसे लागतील, पण पेनड्राइव्हची कटकट मुळातूनच जाते. आणि हेही सांगितले पाहिजे: ड्रॉइंगच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि खासगी ईमेल उघडे असेल तर पेनड्राइव्हच्या बंदीने ड्रॉइंग थांबत नाहीत.

प्रश्न : विद्यापीठाजवळ माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान आहे. पोरं दिवसभर पेनड्राइव्ह लावूनच राहिली, त्यांना नाही म्हणता येत नाही. संध्याकाळपर्यंत सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन जातात. काय करू?

उत्तर : तुमच्याकडे यादीचा उपयोग नाही, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह नवाच. तुम्हाला दोन संगणक वेगळे करावे लागतील. एकावर फक्त वाचायचे, तिथून प्रिंट. दुसऱ्यावर स्कॅन करून गिऱ्हाइकाला फाइल द्यायची. वाचायच्या संगणकावर रजिस्ट्रीत एचकेएलएम (एचकी_लोकल_मशिन), सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल या जागी ‘स्टोरेजडिव्हाइसपॉलिसीज’ नावाची की बनवा, तिच्यात ‘राइटप्रोटेक्ट’ ही ३२ बिटांची डीवर्ड किंमत १ ठेवा आणि रीस्टार्ट करा. हे होम एडिशनवरही चालते. एकाचा व्हायरस दुसऱ्याच्या पेनड्राइव्हवर जाण्याची साखळी इथे तुटते.

पूर्वी पेनड्राइव्ह लावल्याबरोबर व्हायरस आपोआप चालायचा. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७पासून पेनड्राइव्हवरचे ऑटोरन बंद केले आणि फेब्रुवारी २०११मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तसा अपडेट दिला. तेव्हापासून व्हायरस तुमच्या फोल्डरला लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो, म्हणजे तुम्हीच तो दाबाल. शॉर्टकट दाबू नका. आधी संगणक पूर्ण स्कॅन करा. संगणकच बाधित असेल तर पेनड्राइव्ह साफ करून पाच मिनिटांत पुन्हा तेच होते. मग पेनड्राइव्ह स्कॅन करा. शेवटी कमांड प्रॉम्प्टमध्ये पेनड्राइव्हचे अक्षर देऊन तिथे ‘अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी’ ही आज्ञा चालवा. लपलेले फोल्डर दिसू लागतील. ते नीट उघडतात याची खात्री झाल्यावर शॉर्टकट आणि अनोळखी व्हीबीएस, जेएस फायली पुसा. गिऱ्हाइकाला न विचारता त्याचा पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, त्यात त्याचा प्रबंधही असू शकतो.

‘डिनाय एक्झिक्यूट’ लावले तरी गाफील राहू नका. ते पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम अडवते. पण व्हीबीएससारखी फाइल चालवणारा प्रोग्राम सी ड्राइव्हवर असतो, तो पेनड्राइव्हवरची फाइल नुसती वाचतो. म्हणून ती अडत नाही.

प्रश्न : नंदनवनमधल्या आमच्या शाळेच्या लॅबमध्ये विंडोज होम आहे. जीपीएडिट उघडतच नाही.

उत्तर : होममध्ये ते नसते. सरसकट बंदी चालणार असेल तर रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, यूएसबीस्टोर इथे ‘स्टार्ट’ची किंमत ३ आहे ती ४ करा. वेगवान ड्राइव्ह दुसऱ्या ड्रायव्हरवर चालतात, त्यासाठी शेजारच्याच ‘यूएएसपीस्टोर’लाही ४ द्या. बदलाआधी त्या की एक्सपोर्ट करून ठेवा. नवीन ड्राइव्हचा ड्रायव्हर बसताना ही किंमत परत ३ होऊ शकते, तेव्हा महिन्यातून एकदा तपासा. विद्यार्थ्यांचे खाते स्टँडर्ड हवे, हे वर आलेच आहे.

ठरावीकच पेनड्राइव्ह चालवायचे असतील तर भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर ‘यूएसबी प्रतिरोध’ हे फुकट साधन पाहा. ते सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने बनवले आहे. त्यात पेनड्राइव्हची नोंदणी करून पासवर्ड लावता येतो. आधी एका संगणकावर बसवा, आठवडाभर वापरा, मग लॅबभर.

प्रश्न : आमच्या संस्थेत उबुंटू लिनक्स आहे. तिथे अशी यादी होते का?

उत्तर : होते, आणि विंडोजपेक्षा सुटसुटीत होते. ‘यूएसबीगार्ड’ हे पॅकेज घ्या. मात्र क्रम पाळा: कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि परवानगीचे पेनड्राइव्ह सगळे जोडलेले असताना ‘यूएसबीगार्ड जनरेट-पॉलिसी’ ही आज्ञा चालवून तिचे उत्तर नियमांच्या फाइलमध्ये साठवा, आणि त्यानंतरच सेवा सुरू करा. नियम नसताना सेवा सुरू झाली तर कीबोर्ड-माउसच अडतात आणि दुरुस्तीला हात उरत नाही. पुढे नवा पेनड्राइव्ह कायमचा घालायचा झाला तर ‘लिस्ट-डिव्हाइसेस’ने त्याचा क्रमांक पाहा आणि ‘अलाउ-डिव्हाइस’ला तो क्रमांक देऊन शेवटी ‘-पी’ लावा.

प्रश्न : पोर्टमध्ये गोंद ओतला तर सगळाच प्रश्न मिटेल ना?

उत्तर : नाही. कीबोर्ड-माउसचे पोर्ट उघडेच राहतात, आणि माउस काढून तिथे पेनड्राइव्ह लावता येतो. वॉरंटी जाते ती वेगळीच.

या निमित्ताने यादीची मर्यादाही सांगतो. कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक हे उपकरण स्वतःच सांगते, आणि जाणकार माणूस खोटे सांगणारे उपकरण बनवू शकतो. २०१४च्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी पेनड्राइव्हचे फर्मवेअर (त्याच्या चिपमधला प्रोग्राम) बदलून त्याला कीबोर्ड बनवून दाखवले. कीबोर्ड ०३ वर्गातला, त्यामुळे ०८ची मनाई त्याला लागत नाही. रस्त्यात, पार्किंगमध्ये सापडलेला पेनड्राइव्ह ‘कोणाचा आहे ते पाहू’ म्हणूनही लावू नये, तो यामुळे.

प्रश्न : नोकरी सोडून गेलेल्या माणसाने आमची ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर नेल्याचा संशय आहे. आता काही कळू शकेल का? (इतवारी)

उत्तर : कोणता पेनड्राइव्ह लावला होता, हे बऱ्याचदा कळते. रजिस्ट्रीत करंटकंट्रोलसेटच्या एनम या कीखाली यूएसबीस्टोर आहे. तिथे लावलेल्या ड्राइव्हची नावे आणि अनुक्रमांक राहतात. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधल्या ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग’ या फाइलमध्ये तो पहिल्यांदा बसल्याची तारीख-वेळ असते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर या जुन्या नोंदी गेलेल्या असू शकतात. कोणत्या फायली कॉपी झाल्या ते मात्र यातून कळत नाही. त्यासाठी ऑडिट आधीपासून चालू असावे लागते.

ते आता इतर संगणकांवर चालू करा. ग्रुप पॉलिसीत अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसीखाली ‘ऑडिट पीएनपी अ‍ॅक्टिव्हिटी’ लावली की नवे उपकरण जोडल्याची नोंद ६४१६ क्रमांकाने आणि पॉलिसीने अडवल्याची ६४२३ क्रमांकाने सिक्युरिटी लॉगमध्ये पडते. ‘ऑडिट रिमूव्हेबल स्टोरेज’ लावली की पेनड्राइव्हवरच्या फायलींची उघडझाप ४६६३ क्रमांकाने येते. या नोंदी ढिगाने पडतात, तेव्हा लॉगचा आकार वाढवा, नाहीतर जुन्या नोंदी पुसल्या जातील.

संशय असलेला संगणक सध्या वापरू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. परवानगीशिवाय डेटा कॉपी करणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३(ब)मध्ये येते. काढून नेता येण्याजोग्या साठवणुकीतला डेटाही त्या कलमात स्पष्ट धरला आहे. वकिलाला भेटून शहर पोलिसांच्या सायबर पोलिस ठाण्यात तक्रार द्या, आणि डिस्कची प्रत तज्ज्ञाकडूनच काढून घ्या. तुम्ही स्वतः फायली उघडून पाहू लागलात की त्यांच्या तारखा बदलतात, आणि समोरचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो.